पैसा कोना व्हता? भुसावळहून अपोलो बंदरच्या मेथॉडिस्ट चर्चपर्यंत

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत राहणारे एक निवृत्त गार्ड, ज्यांना सगळे नाना म्हणतात, वर्षातून तीन-चार वेळा मुंबईची एक दिवसाची अभ्यास-सहल काढतात. या सहलीला नाव नाही, कार्यालय नाही आणि फलकही नाही. मोबाइलवरच्या गटात तारीख पडते, वीस नावे झाली की नोंदणी बंद होते आणि उरलेल्यांनी पुढच्या खेपेची वाट पाहायची असते. प्रत्येक सहलीचा विषय एकच असतो. मागच्या वेळी गिरण्या होत्या, त्याआधी टपाल खाते होते, आणि या हिवाळ्यात विषय होता अपोलो बंदर परिसरातील बोवेन मेमोरियल मेथॉडिस्ट चर्च (मेथॉडिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ) व त्यामागचा इतिहास. माणशी १,६०० रुपयांत जाण्यायेण्याचे शयनयानाचे तिकीट, सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचे जेवण, माहिती सांगणारा एक तरुण अभ्यासक आणि ३० रुपये छापील किंमत असलेली २४ पानांची पुस्तिका इतके मिळते.

मी जळगावचा आहे आणि नोकरीची तीस वर्षे पतसंस्थांचे हिशेब तपासण्यात घालवली आहेत. चर्चच्या इतिहासात मला पूर्वीपासून रस होता असे म्हणता येणार नाही. नाव पत्नीने नोंदवले होते, ऐनवेळी तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि भरलेले पैसे परत मिळत नसल्यामुळे तिच्या जागी मी गेलो. त्यामुळे हा अभिप्राय एका अनाहूत सहप्रवाशाचा आहे हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. सहल पैसे वसूल करणारी आहे, हे मी सुरुवातीलाच नोंदवतो. तिच्यात दोन दोष आहेत आणि त्यातला एक गंभीर आहे.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर रात्रीच्या गाडीत झोपेत सरले. नानांचा जन्म रुळांवर गेलेला असल्यामुळे कोणत्या फलाटावर कोणत्या टोकाला उतरायचे, प्रतीक्षालयात आंघोळीचा नंबर कसा लावायचा, हे सगळे बिनबोभाट पार पडले. नाश्ता मात्र सुमार होता. पारोळ्याच्या एका मावशींनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात फिरली म्हणून निभावले. या मावशींचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, कारण संपूर्ण सहलीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनी विचारला.

माहिती सांगणारा तरुण धुळ्याचा, इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी. त्याने सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर केली आणि तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतला नाही, हे मला आवडले. ज्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी हे स्थानक उभारले, त्यांनीच त्याआधी कुलाब्याच्या तोंडाशी खलाशांसाठी एक मोठी वास्तू बांधली होती, एवढेच सांगून तो आम्हाला बसने रीगल सिनेमापाशी घेऊन गेला. तिथे चौकात आज जे राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे, ती इमारत मुळात रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, म्हणजे खलाशांचे वसतिगृह होते. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा आल्फ्रेड याच्या हस्ते १८७० मध्ये तिची कोनशिला बसली आणि १८७६ मध्ये ती पूर्ण झाली. पुढे १९२८ मध्ये ती मुंबईच्या कायदेमंडळासाठी घेण्यात आली आणि पोलिसांकडे ती १९८० च्या दशकात गेली. या इमारतीच्या फाटकापासून बोवेन चर्च चालत काही मिनिटांवर आहे. चर्चचा इतिहास चर्चच्या दारातून सुरू न करता खलाशांच्या वसतिगृहाच्या दारातून सुरू करावा ही कल्पना त्या मुलाची स्वतःची असेल, तर त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

कारण त्या वस्तीचे स्वरूप समजल्याशिवाय पुढचे काही समजत नाही. सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला आणि युरोपातून येणाऱ्या बोटींना आफ्रिकेला वळसा घालण्याचे कारण उरले नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची, ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा. म्हणजे ज्या दशकात आपल्या कथेतले मेथॉडिस्ट लोक मुंबईत जमू लागले, त्याच दशकात हे बंदर आजच्या अर्थाने बंदर होत होते. अपोलो बंदर हे नाव ग्रीक देवावरून आलेले नाही, ते मूळच्या ‘पालवा’ या देशी नावाचा साहेबी उच्चार आहे असे मानतात. त्या धक्क्याच्या आसपास उतरणारे उतारू, बोट लागली की आठ दिवस मोकळे सुटणारे खलाशी, गोदीतले कारकून, तारखात्यातले आणि रेल्वेतले अँग्लो-इंडियन कर्मचारी अशी ती सरमिसळ वस्ती होती. साहेब लोकांचे सरकारी चर्च त्यांना होते, परंतु तिथल्या पुढच्या बाकांवर बसण्याची त्यांची पायरी नव्हती.

आणि आपला कापूस होता. हा भाग अभ्यासकाने दोन वाक्यांत उरकला आणि मला ते खटकले, कारण ऐकणारे सगळे खान्देशातले होते. कापसाचा बाजार पूर्वी किल्ल्यातल्या हिरवळीवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी भरत असे आणि १८४४ मध्ये तो कुलाब्याला हलवण्यात आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, भाव आभाळाला टेकले आणि त्या लाटेवर जळगावसारखे साधे गाव व्यापारपेठ झाले. त्याच दशकात जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशात आली. आमच्या आजोबा-पणजोबांच्या शेतातला कापूस गाड्यांत भरून ज्या कुलाब्याला जात होता, जिथे त्याचे दाब होऊन गाठी बोटींवर चढत होत्या, त्याच कुलाब्यात उभे राहून आम्ही हा इतिहास ऐकत होतो. ‘बंदर’ या शब्दाचे आपल्याशी काय नाते, असे विचारणाऱ्या आमच्यातल्या दोघा-तिघांना याहून चांगले उत्तर देता आले नसते, आणि ते दिले गेले नाही. अर्थात, याला मी दोष म्हणत नाही. हुकलेली संधी म्हणतो.

आता मुख्य कथेकडे वळतो, कारण सहलीचा खरा कस तिथे होता आणि तो भाग उत्तम झाला.

विल्यम टेलर हे मेथॉडिस्ट उपदेशक या कथेतले पहिले पात्र. जन्म १८२१, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. सोन्याच्या शोधात जग सॅन फ्रान्सिस्कोकडे धावत असताना, १८४९ मध्ये, हा माणूस उपदेश करायला तिथे पोहोचला. जुगारखान्यासमोरच्या चौकात सुताराच्या बाकावर उभे राहून त्याने पहिले प्रवचन केले. पुढे त्याने तिथल्या धक्क्यावर खलाशांसाठी प्रार्थनागृह चालवले, त्याला जोडून राहण्याची मोठी सोय उभारण्याच्या खटपटीत तो कर्जात बुडाला, आणि ते कर्ज फेडण्यासाठी त्याने पुस्तके लिहिली व ती विकत जगभर फिरला. कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, सिलोन असे करत १८७० च्या नोव्हेंबरात तो मुंबईला उतरला तो लखनौला जाण्यासाठी. (ऑस्ट्रेलियातून त्याने निलगिरीचे बी कॅलिफोर्नियाला धाडले आणि तिथे ती झाडे फोफावली, असेही म्हणतात. आमच्या गटातल्या दोन शेतकऱ्यांना चर्चपेक्षा हीच गोष्ट अधिक लक्षात राहिली.)

टेलर यांना लखनौला बोलावणारे मिशनही मेथॉडिस्टच होते. विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये येऊन ते सुरू केले होते. परंतु निरनिराळ्या मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतलेले होते आणि मेथॉडिस्टांच्या वाट्याला अवध व रोहिलखंड आले होते. मुंबई त्यांची नव्हती. इथे अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून काम करत होते, स्कॉटिश मिशन होते, सरकारी अँग्लिकन चर्च होते. खान्देशही या वाटणीत पुढे इतरांकडेच गेला. पश्चिम खान्देशातले मोठे काम स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने केले, त्यामुळे आपल्याकडे ख्रिस्ती वस्ती असली तरी ‘मेथॉडिस्ट’ हा शब्द फारसा कानावर येत नाही. टेलर १८७१ च्या नोव्हेंबरात पुन्हा मुंबईस आले, त्यांनी सभा घेतल्या आणि जमलेल्या लोकांच्या लहान लहान तुकड्या करून त्या घराघरांत भरवल्या. डिसेंबरअखेर या लोकांनी सहीनिशी पत्र दिले की आमचे मेथॉडिस्ट चर्च इथे स्थापन करावे, आणि टेलर यांनी ते मान्य केले. मुलूखवाटणीची रेघ अशी ओलांडली गेली.

हे सांगून झाल्यावर अभ्यासक क्षणभर थांबला, आणि पारोळ्याच्या मावशींनी विचारले, “मंग पैसा कोना व्हता?”

मला वाटते, या प्रश्नानंतर पुढचा अर्धा तास सहलीचे सर्व पैसे वसूल झाले. त्या मुलाने आपली ठरलेली मांडणी बाजूला ठेवली आणि उत्तर द्यायला तो सव्वाशे वर्षे मागे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरात गेला. ‘मेथॉडिस्ट’ हे नाव मुळात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी जॉन वेस्ली आणि त्यांच्या सोबत्यांना चिडवण्यासाठी दिलेले होते, कारण ही मंडळी उपास, प्रार्थना, कैद्यांची भेट असे सगळे वेळापत्रकाप्रमाणे, पद्धतशीर करत. वेस्ली यांनी १७३९ मध्ये ब्रिस्टलला ‘न्यू रूम’ नावाचे पहिले सभागृह बांधले आणि त्यावर कर्ज झाले. १७४२ मध्ये ते फेडायचे कसे याचा विचार करण्यासाठी बैठक भरली, तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी, म्हणजे इंग्लंडमधले लहानसे नाणे, द्यावी. कोणी म्हणाले, काहींना तेवढेही परवडणार नाही. त्यावर तो म्हणाला, त्यातले सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांनी दिले तर ठीक, नाही दिले तर त्यांचा भरणा मी करीन. अशा बारा-बारांच्या तुकड्या झाल्या, तुकडीचा प्रमुख दर आठवड्याला घरोघर जाऊ लागला, आणि पेनी गोळा करता करता कोण आजारी आहे, कोण दारूला लागला आहे, कोणाचे काम सुटले आहे हेही त्याला कळू लागले. मेथॉडिस्टांची प्रसिद्ध ‘क्लास मीटिंग’ ती हीच. धर्माची एवढी मोठी यंत्रणा एका इमारतीच्या थकीत कर्जातून जन्माला आली, हे ऐकून मला जो आनंद झाला तो कोणत्याही हिशेबतपासनिसाला होईल.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला काहीच अडचण पडत नाही. भिशी म्हणा, बचत गट म्हणा, पद्धत तीच. पैसा थोडा आणि वारंवार, गोळा करणारा ओळखीचा, आणि एकाचे थकले तर गट सांभाळून घेतो. भिशीत मात्र पैसा फिरून आपल्याकडे येतो, इथे तो येत नाही, हा फरक मावशींच्या शेजारच्या बाईंनी लगेच काढला आणि तो बरोबर आहे.

मुंबईत टेलर यांनी हेच तत्त्व पुढे नेले. परदेशातल्या मिशन संस्थेकडून पगार घ्यायचा नाही. चर्च ज्यांचे, खर्च त्यांचा. उपदेशकाला मंडळी पोसतील तेवढ्यात त्याने राहायचे. रेल्वेत, तारखात्यात, गोदीत पगार मिळवणाऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी हे पेलले, आणि याच लोकांच्या बदल्यांबरोबर ही चळवळ रेल्वेच्या मार्गाने देशभर पसरली. नाना इथे मध्येच म्हणाले की जंक्शनात जन्मलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. बदली झालेला गार्ड ट्रंकेबरोबर देवही नेतो. हे त्यांचे वाक्य पुस्तिकेत असायला हवे होते.

दुसरे पात्र जॉर्ज बोवेन, ज्यांच्या स्मरणार्थ या चर्चचे नाव आहे. यांचा जन्म १८१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. सुखवस्तू व्यापाऱ्याचा मुलगा, अनेक भाषांचा आणि संगीताचा शौक, आणि तरुणपणी पक्का नास्तिक. ज्या मुलीशी लग्न ठरले होते ती वारली आणि जाताना आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवून गेली; त्यानंतर काही महिन्यांतच माणूस बदलला. जानेवारी १८४८ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी म्हणून मुंबईत उतरले. वर्षभरातच त्यांनी पगार सोडून दिला. ज्या लोकांत काम करायचे त्यांच्याइतक्याच साधेपणाने राहिले पाहिजे असे त्यांचे मत होते; देशी वस्तीत एक खोली घेऊन, शिकवण्या करून, महिन्याला अगदी थोडक्या रुपयांत ते राहू लागले. रोज रस्त्यावर उभे राहून ते मराठीत बोलत. ‘बॉम्बे गार्डियन’ हे साप्ताहिक त्यांनी अनेक वर्षे चालवले. फेब्रुवारी १८८८ मध्ये वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, ते एकदाही मायदेशी गेले नाहीत. त्यांना गोरा फकीर म्हणत, गोरा योगी म्हणत. टेलर आले तेव्हा त्यांनी साथ दिली आणि लवकरच ते स्वतः मेथॉडिस्ट झाले. वीस-बावीस वर्षे एकट्याने जे तत्त्व पाळले, तेच तत्त्व आता एका मंडळीने पाळायला घेतले होते, मग त्यांनी वेगळे राहायचे कशाला, हा अभ्यासकाचा तर्क मला पटला.

इतकी वर्षे रोज बोलूनही बोवेन यांच्या शब्दाने धर्मांतर केलेली माणसे अगदी थोडी होती, हे अभ्यासकाने लपवले नाही. आमच्यातल्या एका गृहस्थांनी, ज्यांचा आवाज सहलीच्या सुरुवातीपासून जरा चढा होता, ‘मिशनरी म्हणजे अमेरिकेचा पैसा’ असे म्हणून पाहिले होते. त्यांना उत्तर देण्याची गरज उरली नाही. पगार सोडलेल्या माणसाची आणि पेनीच्या वर्गणीची गोष्ट ऐकल्यावर ते दुपारपर्यंत गप्प होते. माझ्यापुरते सांगायचे तर, हिशेबाच्या दृष्टीने मला टेलर यांची योजना धाडसी पण कच्ची वाटते. राखीव निधी नाही, मंडळीचा पगार थांबला की उपदेशकाची चूल थांबणार. इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदारांत ती चालली, परंतु काम मराठी आणि गुजराती बोलणाऱ्या गरिबांपर्यंत न्यायचे ठरले तेव्हा बाहेरचा पैसा घ्यावाच लागला. ज्याच्या घरात पेनी नाही त्याच्या वतीने भरणारा कॅप्टन फॉय प्रत्येक तुकडीला मिळत नाही. हा दुसरा अर्धा भाग अभ्यासकाने ओझरता सांगितला, पण सांगितला.

आता दोष. पहिला वेळेचा आहे. खलाशांच्या वसतिगृहापासून चर्च इतके जवळ असताना आम्हाला आधी गेटवे ऑफ इंडियाकडे नेण्यात आले आणि तिथे पन्नास मिनिटे गेली. छायाचित्रे झाली, भेळ झाली, एका कुटुंबाची बोटीतून चक्कर झाली. गेटवेची पायाभरणी १९१३ ची आणि उद्घाटन १९२४ चे. शेजारचे ताज हॉटेल १९०३ चे. टेलर यांच्या सभा १८७१ च्या. त्यांनी आणि बोवेन यांनी पाहिलेल्या अपोलो बंदरावर यातले काहीही नव्हते. म्हणजे ज्या विषयासाठी साडेचारशे किलोमीटर आलो त्याच्याशी संबंध नसलेल्या दोन वास्तूंपायी आमचा वेळ गेला आणि चर्चमध्ये पोहोचलो तेव्हा दार बंद होण्याची वेळ झालेली होती. आत आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. तिथल्या लोकांनी आम्हाला आपुलकीने बसू दिले, मागच्या बाकांवर आम्ही शांत बसलो. बाहेर रस्त्यावरची गर्दी आणि आत पंख्याचा आवाज, एवढेच माझ्या लक्षात आहे. भिंतीवरचे लेख वाचायला, एखादा प्रश्न विचारायला वेळ नव्हता. नानांशी याबद्दल बोललो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, गेटवे दाखवला नाही तर निम्मे लोक नाव नोंदवत नाहीत.” ही त्यांची अडचण मला समजते. तरीही उपाय सोपा आहे: चर्च आधी, गेटवे नंतर, आणि ज्याला बोटीत बसायचे त्याने परतीच्या गाडीपर्यंत बसावे.

दुसरा दोष माहितीचा आहे आणि तोच मी गंभीर समजतो. गेटवेवरून चर्चकडे चालताना अभ्यासकाने टेलर यांची आणखी एक गोष्ट सांगितली: ते स्वतः लहानपणापासून खलाशी होते, बॉस्टनमध्ये त्यांनी खलाशांचे प्रार्थनागृह चालवले आणि इंग्रज कादंबरीकार डिकन्स त्यांचे प्रवचन ऐकायला गेले होते. गोष्ट खरी आहे, परंतु माणूस दुसरा आहे. तो एडवर्ड थॉम्प्सन टेलर. जन्म १७९३ चा, तोही मेथॉडिस्ट, तोही बंदरावरचा, बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागातले त्याचे ‘सीमेन्स बेथेल’ १८३३ चे आणि डिकन्स तिथे १८४२ मध्ये गेले. हा टेलर भारतात कधी आला नाही. आपले टेलर मुंबईत मंडळी जमवत होते त्याच वर्षी, १८७१ मध्ये, तो वारला. दोन टेलर, दोघे मेथॉडिस्ट, दोघे खलाशांत वावरलेले, म्हणून गल्लत होणे स्वाभाविक आहे. पण आमच्यापैकी कोणाकडे ती तपासण्याची सोय नव्हती, आणि वीस माणसे ती गोष्ट तशीच घरी घेऊन गेली असती. मलाही शंका आली ती तारखांमुळे. १८४२ मध्ये डिकन्सना प्रवचन ऐकवणारा माणूस तेव्हा फक्त एकवीस वर्षांचा कसा, असे वाटून मी परत आल्यावर शोध घेतला.

पुस्तिकेतही अशीच एक चूक आहे. तिच्या मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ‘जॉर्ज बोवेन यांनी बांधलेले चर्च’ असे छापले आहे. ‘मेमोरियल’ शब्दाचा अर्थच स्मारक. ते त्यांच्या नावाने उभे राहिले. ज्या माणसाने आयुष्यभर भाड्याच्या खोलीत दिवस काढले त्याच्या नावावर एक इमारत चढवणे हा हिशेबातला नुसता खोडसाळपणाच झाला असता, इथे तो अनवधानाने झाला आहे. उरलेली पुस्तिका चांगली आहे. दक्षिण भारतातली मेथॉडिस्ट परिषद १८७६ मध्ये मुंबईत स्थापन झाली, १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक चर्चांचे एकत्रीकरण झाले तेव्हा अमेरिकन परंपरेतले हे मेथॉडिस्ट त्यात गेले नाहीत आणि १९८१ मध्ये मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वतंत्र संस्था झाली, हा सगळा पुढचा प्रवास दोन पानांत नीट दिला आहे. छपाई स्वच्छ आहे, नकाशा उपयोगी आहे. अक्षर मात्र वयाने मोठ्या वाचकांचा विचार न करता निवडलेले दिसते.

दुपारचे जेवण कुलाब्यातल्या एका साध्या खानावळीत झाले. भाजी गोड होती, जी खान्देशी माणसाला शिक्षा वाटते, पण भात गरम होता आणि कोणी उपाशी राहिले नाही. संध्याकाळी स्थानकावर दोन तास मोकळे होते. त्या वेळात अभ्यासकाने प्रश्न घेतले आणि हा भाग नियोजनात नसूनही चांगला झाला. दोन टेलरांबद्दल मी तेव्हा विचारले असते तर बरे झाले असते, परंतु तेव्हा माझी शंका अजून शंकाच होती.

ही सहल कोणासाठी आहे? जुन्या इमारतींची नक्षी पाहायची असेल त्यांनी जाऊ नये. तशी माहिती इथे मिळत नाही. चालणे तीन-साडेतीन किलोमीटरचे आहे, बहुतेक सपाट, पण गुडघे दुखणाऱ्यांनी आधी नानांना सांगावे म्हणजे मध्ये टॅक्सीची सोय होते; ही सोय माझ्या पत्नीला कळवली गेली नव्हती, हे जाता जाता. दहावीच्या पुढच्या मुलांना अवश्य न्यावे. भिशी, पतपेढी, बचत गट चालवणाऱ्या कोणालाही तो ब्रिस्टलचा अर्धा तास आपल्या घरचा वाटेल. १,६०० रुपयांत रेल्वे आणि जेवण वजा जाता माहितीच्या वाट्याला जे काही उरते, त्याच्या मानाने मिळालेली माहिती भरपूर आहे.

परतल्यावर मी दोन्ही चुका, वर्षांसह, एका कागदावर लिहून नानांकडे पाठवल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. अभ्यासकाने चूक कबूल केली होती, पुढच्या खेपेपासून चर्च गेटवेच्या आधी दाखवायचे ठरले होते, आणि शिल्लक राहिलेल्या पुस्तिकांच्या आतल्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली जाणार होती. चिठ्ठ्यांच्या छपाईचा खर्च कोणी करायचा, हे अजून ठरायचे आहे, असेही ते म्हणाले.